चोख वजाबाकी

"मामा, एकोणीस मिनिटं घंटा वाजत असेल आणि मला ऐकूच आली नसेल, असं होऊ शकतं का?"

भाचीचा फोन सकाळी आला. कसे आहात नाही, काय चाललंय नाही. मामा दाढी करत होते. अर्धा चेहरा झाला होता.

"पूर्ण एकोणीस?"

"एकोणीस मिनिटं तेहतीस सेकंद."

"तेहतीस पॉइंट किती?"

पलीकडे भाची रडायला लागली. मामांनी उरलेला अर्धा चेहरा तसाच ठेवून शर्ट चढवला.

मामांनी एकतीस वर्षं पोहण्याच्या स्पर्धांमध्ये वेळ नोंदवली होती. कुणी 'दोन मिनिटांत आलो' म्हणून गेलं, की ते घड्याळ लावत. नात्यातली निम्मी माणसं यामुळे तुटली होती. उरलेली वेळेवर येत. घरात त्यांना दशांशमामा म्हणत. त्यांच्यासमोरही म्हणत, कारण त्यांना तो मान वाटे.

भाची एका वृद्धाश्रमात सेविका होती. चौदा खोल्या, चौदा म्हातारी माणसं. आता तेरा.

सात नंबरच्या खोलीतल्या बाई गेल्याला बारा दिवस झाले होते. बाई म्हणजे निवृत्त भूगोल शिक्षिका. दुपारी दम लागला, घंटेचं बटण दाबलं, आणि भाची पोचली ती एकोणीस मिनिटं तेहतीस सेकंदांनी. असं नोंदीत होतं. आज पाच वाजता संस्थेच्या अध्यक्षा येणार होत्या आणि त्यांच्यासमोर भाचीनं एका कागदावर सही करायची होती. कागदावर लिहिलं होतं: मी जाणूनबुजून दुर्लक्ष केलं.

"सही करणार आहेस?" अडीच वाजता फाटकातच मामांनी विचारलं.

"नोंद माझ्याविरुद्ध आहे, मामा. आणि…" तिनं मागे वळून पाहिलं. "बाई रोज घंटा वाजवतात."

"कुठल्या बाई?"

"त्याच. रोज तीन बाराला. खोलीला कुलूप नाही, पण आत कुणी जात नाही. मी धावत जाते. पलंग रिकामा. उशीवर खोलगट खड्डा तसाच. मी दिवा बंद करते आणि परत येते. दुसऱ्या दिवशी पुन्हा."

"तीन बारा आणि किती सेकंद?"

"मामा!"

"सवय, गं. सांग, त्या दिवशी काय झालं."

---

व्हरांड्याच्या तोंडाशी भाचीचं टेबल होतं. समोर भिंतीवर चौदा छोट्या लाल दिव्यांची पाटी.

"पलंगापाशी बटण असतं," ती म्हणाली. "दाबलं की इथं घंटा वाजते आणि त्या खोलीचा दिवा लागतो. बटण दाबून धरलं तर घंटा वाजतच राहते. मी खोलीत जाऊन दाराजवळचं दुसरं बटण दाबलं की सगळं बंद. दोन्ही वेळा आपोआप नोंदल्या जातात."

"त्या दिवशी तू इथंच होतीस?"

"इथंच. दिवाणखान्यात शूटिंग चालू होतं, आश्रमाच्या माहितीपटाचं. व्यवस्थापकसाहेब म्हणाले होते, जागची हलू नकोस, चित्रात येशील. मी बसून होते. सगळं शांत. मग घंटा वाजली. मी धावले."

"घंटा किती वेळ वाजत होती?"

"मी खोलीत पोचेपर्यंत. बाईंचा अंगठा बटणावरच होता. मला तो उचलून काढावा लागला. अंगठ्यावर बटणाची गोल खूण उमटली होती, खोल." तिनं स्वतःचा अंगठा मुठीत लपवला. "दिवा बंद केला तेव्हा तीन एकतीस चाळीस. पण नोंद म्हणते, घंटा तीन बारा शून्य सातला वाजली. आणि एवढंच नाही, मामा. नोंद म्हणते, त्या अर्ध्या तासात मी सहा वेळा उठले. चार नंबरला गेले, आठला, अकराला… सगळीकडे तीस-चाळीस सेकंदांत पोचले. फक्त सातला गेले नाही. मला त्यातली एकही फेरी आठवत नाही."

"एकही?"

"एकही नाही. मला ती शांतता आठवते. माझ्या डोक्याला भोक पडलंय का?"

पाटीवरचा सात नंबरचा दिवा विझलेला होता. विझलेला दिवा एरवी कुणी बघत नाही. हा दोघंही बघत होते.

---

व्यवस्थापक दिवाणखान्यात भेटले. दोन व्यवस्थापक होते. एक समोर उभे, दुसरे टीव्हीवर. माहितीपट दिवसभर चालू असे. टीव्हीवरचे व्यवस्थापक एका गोल घड्याळाखाली उभे राहून बोलत होते आणि थांबायचं नाव घेत नव्हते.

"चौदा मिनिटं, एका दमात," खरे व्यवस्थापक म्हणाले. "कुठे तोडजोड नाही. आवाज बघा किती स्वच्छ आलाय! घड्याळाची टिकटिकसुद्धा ऐकू येते."

"घड्याळ अकरा सेकंद मागे आहे," मामा म्हणाले.

टीव्हीतल्या घड्याळात तीन वाजून पाच मिनिटं झाली होती. "आमच्याकडे," टीव्हीतले व्यवस्थापक सांगत होते, "हाक मारली की माणूस धावत येतो."

"वाईट वाटतं हो," खरे व्यवस्थापक म्हणाले. "गुणी मुलगी. पण बाई कटकट्या होत्या. चहा गार, उशी कडक. हिनं राग काढला. बाकी सगळीकडे गेली, तिथंच गेली नाही."

"नोंदीचं यंत्र कुठं असतं?"

"माझ्या खोलीत, कपाटात. किल्ली माझ्या कमरेला. यंत्राशी खेळ कुणी करूच शकत नाही."

"मग त्यातली मूळ नोंद बघू."

"ती सात दिवसांनी आपोआप पुसली जाते. पण दर शुक्रवारी कारकूनबाई ती शीटमध्ये उतरवून घेतात. शीट आहे ना! अगदी सेकंदापर्यंत."

"सेकंदापर्यंतच?" मामांच्या आवाजात कीव होती.

---

कारकूनबाईंच्या मॉनिटरवर पासवर्डची चिठ्ठी चिकटवलेली होती. कुणी बाहेरचा माणूस आत शिरू नये म्हणून पासवर्ड होता, आणि आतल्या माणसांची अडचण होऊ नये म्हणून चिठ्ठी.

"मी त्या शीटकडे बघत नाही," कारकूनबाई म्हणाल्या. "शुक्रवारी डोळे मिटून चिकटवते आणि घरी जाते. त्यात काहीतरी आहे."

"काय आहे?"

"तिला वजाबाकी येत नाही! ही ओळ बघा. घंटा अकरा वीस चौदा. उत्तर अकरा वीस बावन्न. चौदातून बावन्नापर्यंत किती?"

"अडतीस."

"शीट म्हणते सदतीस. पुढची ओळ, माझ्या हिशेबानं चाळीस, ती म्हणते एकेचाळीस. सगळीकडे नाही, पण चार-पाच ओळींमागे एकदा. कुणीतरी एक सेकंद उचलून नेतं, एक सेकंद आणून ठेवतं. दर शुक्रवारी मी साहेबांना चिठ्ठी लिहून देते. ते म्हणतात, कॉम्प्युटरला गरम झालं असेल."

मामांनी खुर्ची पुढे ओढली. एकतीस वर्षांत इतकं मनासारखं भूत त्यांना भेटलं नव्हतं.

"तुमची शीट बरोबर आहे, बाई. ती वेळ हजाराव्या भागापर्यंत लक्षात ठेवते, पण तुम्हाला दाखवते फक्त पूर्ण सेकंद. दाखवताना जवळच्या आकड्यावर आणते. चौदा दिसतात ते चौदा पॉइंट चार असतील. बावन्न दिसतात ते एकावन्न पॉइंट सहा. तुम्ही दिसणारे आकडे वजा करता, ती खरे वजा करते. चला, बुरखा काढू."

त्यांनी दोन्ही रकाने निवडले, मांडणी बदलली, सेकंदांपुढे टिंब देऊन तीन घरं वाढवली. शीटभर बारीक आकडे उगवले. चौदा पॉइंट चारशे दोन. एकावन्न पॉइंट सहाशे अठरा. कारकूनबाईंनी पदर तोंडाला लावला.

"हे इतके दिवस आत होतं?"

"आतच होतं. फक्त दिसत नव्हतं."

मामांनी त्या दिवसाच्या ओळी वरून खाली वाचायला घेतल्या. सकाळी दहा सत्तेचाळीसला बोट थांबलं. एका चौकटीत पॉइंट शून्य शून्य शून्य. शेजारच्या चौकटीत मात्र पॉइंट सातशे एकोणऐंशी.

"या चौकटीला कुणी हात लावला?"

कारकूनबाई गोऱ्यामोऱ्या झाल्या. "मी. त्या शुक्रवारी वजाबाकी चुकलेली दिसली म्हणून दोनदा क्लिक करून आत डोकावले. काही बदललं नाही हो, आईशप्पथ. नुसतं एंटर दाबून बाहेर आले."

"शीटची प्रत काढा आणि दुसऱ्या एखाद्या चौकटीवर तेच करा."

त्यांनी केलं. दोनदा क्लिक, एंटर. पॉइंट पाचशे तेरा होतं तिथं तीन शून्यं आली.

"आत गेल्यावर ती पूर्ण सेकंदच दाखवते, आणि एंटर दाबलं की जे दाखवलं तेच खरं धरून बसते," मामा म्हणाले. "माणसाचा हात लागला की दशांश झडतात. यंत्र कधी नेमक्या सेकंदावर थांबत नाही. हजारात एखाद वेळ."

मग ते दुपारच्या तीनवर आले. आणि बराच वेळ तिथंच राहिले.

"शनिवार-रविवार तुम्हाला सुट्टी असते?"

"असते. का हो?"

"एकोणीस मिनिटांची नोंद आधी कुणी वाचून दाखवली?"

"साहेबांनीच, सोमवारी. सगळ्यांना दिवाणखान्यात बोलावून. तोवर कुणाला ठाऊकच नव्हती."

भिंतीवर तीन वाजून आठ मिनिटं झाली होती. मामा उठले. "सात नंबर कुठली?"

---

सात नंबरची खोली थंड होती, कारण तिथली खिडकी कुणी उघडत नव्हतं. टेबलावर चष्मा, एक काडी उघडी, एक मिटलेली. भिंतीवर जगाचा नकाशा. पलंगापाशी वायरला लोंबणारं पांढरं बटण.

मामा खुर्चीवर बसले. स्टॉपवॉच हातात. त्यांनी बटणावर नजर रोखली. बटणानंही रोखल्यासारखं वाटलं.

तीन अकरा पन्नास. उशीवरचा खड्डा आता थोडा खोल वाटत होता. मामांनी तो मोजायचं मनात आणलं आणि रद्द केलं.

तीन बारा.

व्हरांड्यात घंटा वाजली.

बटण हललं नव्हतं. वायर हलली नव्हती. खोलीत मामांशिवाय कुणी नव्हतं. मामांच्या मानेवरचे केस उभे राहिले आणि बोटानं आपोआप स्टॉपवॉच सुरू केलं. बाहेरून धावत्या पावलांचा आवाज आला. दार उघडलं. भाची, पांढरीफटक. तिनं दाराजवळचं बटण दाबलं.

"अडतीस पॉइंट शून्य पाच," मामा म्हणाले.

"अडतीस," भिंत म्हणाली.

भाचीनं मामांचा दंड पकडला. मामांनी भिंतीकडे पाहिलं. भिंतीत एक दार होतं. त्यांनी ते उघडलं.

आत न्हाणीघर होतं, आणि न्हाणीघरातल्या स्टुलावर एक आजोबा बसले होते. गुडघ्यावर वही, कानामागे पेन्सिल, केस झकास कापलेले. डोक्याच्या वर, भिंतीवर, दुसरं बटण.

"आजोबा!" भाची ओरडली. "तुम्ही?"

"हे न्हाणीघर सात आणि आठ नंबरचं मिळून आहे," आजोबांनी मामांना समजावलं, जणू घर भाड्यानं दाखवत होते. "पडलं-झडलं तर दाबायला हे बटण. दिवा सातचा लागतो. मी आठ नंबर."

"भूत तुम्ही आहात?"

"भूत नव्हे. पाहणी." त्यांनी वही पुढे केली. "मी सांख्यिकी खात्यात होतो. सोमवारी साहेबांनी वाचलं, तीन बाराला घंटा आणि एकोणीस मिनिटं. मला पटेना. ही पोरगी एकोणीस मिनिटं जागेवर बसूच शकत नाही. म्हणून रोज त्याच वेळेला दाबतो. नऊ दिवस झाले. जास्तीत जास्त एक्कावन्न सेकंद, त्या दिवशी फरशी ओली होती."

"मग कुणाला सांगितलं का नाहीत?"

"नऊ नोंदींवर काय सांगणार? तीस झाल्या की सांगणार होतो."

"आजोबा, मी नऊ दिवस जेवले नाही धड!"

आजोबांनी पेन्सिल कानामागून काढली, पुन्हा लावली. "हे माझ्या लक्षात आलं नाही," ते म्हणाले. "नमुन्यात तू धरलीच नव्हतीस."

मामा स्टुलाशेजारी उकिडवे बसले. "आजोबा, बाई गेल्या त्या दुपारी तीन चौदाला तुम्ही घंटा वाजवली होतीत?"

"मी? मी इथं नव्हतोच. शूटिंग म्हणून केस कापायला गेलो. साहेबांनी बाहेर जायला बंदी केलेली, कारकूनबाईंनी मागच्या दारानं सोडलं. परत आलो तर शूटिंग चालू म्हणून दोन्ही दारं बंद. अडीचपासून पावणेचारपर्यंत फुटपाथवर उभा. नवे केस घेऊन."

"साहेबांना कळलं?"

"छे! तुम्ही सांगणार नाही ना?"

"सांगणार," मामा म्हणाले. "पाच वाजता."

---

अध्यक्षा पाचला चार मिनिटं असताना आल्या. मामांना त्या लगेच आवडल्या.

दिवाणखान्यात सहाच माणसं होती. अध्यक्षा, व्यवस्थापक, कारकूनबाई, आजोबा, भाची, मामा. टीव्हीचा आवाज बंद केला होता. पडद्यावर व्यवस्थापकांचं तोंड नुसतं हलत होतं. टेबलावर सहीचा कागद.

"हे कोण?" अध्यक्षांनी विचारलं.

"मी हिचा मामा. सहीआधी मला अकरा मिनिटं हवी आहेत."

"घ्या दहा-पंधरा मिनिटं."

"अकरा," मामा म्हणाले आणि घड्याळ लावलं.

त्यांनी शीटचा छापील कागद पसरला.

"ही त्या दुपारची नोंद. यंत्रानं नोंदवलेल्या वेळेला शेपूट असतं. पॉइंट चारशे, पॉइंट सातशे. तीन वाजून दोन मिनिटांच्या आधी प्रत्येक ओळीला शेपूट आहे. तीन एकतीसनंतरही आहे. मधल्या सात ओळी बघा."

अध्यक्षांनी चष्मा लावला. "शून्य शून्य शून्य. शून्य शून्य शून्य…"

"बाईंच्या घंटेची एक वेळ, आणि बाकी सहा ओळींतल्या घंटा आणि उत्तर दोन्ही. तेरा वेळा. तेराही नेमक्या सेकंदावर. यंत्र असं करत नाही. हे आकडे हातानं टाइप केलेत. टाइप करणारा हुशार आहे, त्यानं शून्य सात, बावीस, एक्कावन्न असे वेडेवाकडे सेकंद निवडले. सेकंदाच्या आत काय असतं हे त्याला माहीत नव्हतं."

"सकाळीही एक शून्य आहे," व्यवस्थापक झटकन म्हणाले. "दहा सत्तेचाळीस. तो हात कुणाचा?"

"माझा," कारकूनबाई कुजबुजल्या.

"बघा! शीट यांच्याकडे असते. पासवर्ड यांचा."

"पासवर्ड चिठ्ठीवर आहे, आणि चिठ्ठी तुम्हीच चिकटवायला लावलीत," कारकूनबाई म्हणाल्या, आणि स्वतःच्या धीटपणानं दचकल्या.

"दहा सत्तेचाळीसला एकाच चौकटीतलं शेपूट झडलंय, शेजारचं शाबूत आहे," मामा म्हणाले. "ते डोकावणं. दुपारी सहा ओळींत दोन्ही शेपटं नाहीत, तो बनवण्याचा कारखाना. आणि कारकूनबाईंनी खोट्या ओळी लिहिल्या असत्या तर दोन चुका केल्या नसत्या. पहिली. शीटची वजाबाकी एका सेकंदानं हुकते, अशी तक्रार त्या दर शुक्रवारी लेखी करतात. शीट खरी असते तेव्हा ती अधूनमधून हुकते. या सहा ओळींत एकदाही हुकत नाही. सहाच्या सहा चोख. ज्या बाईला त्या हुकण्याची भीती वाटते, तिला हे चोखपण आधी खटकलं असतं. ज्यानं त्या चिठ्ठ्या कधी वाचल्याच नाहीत, त्याला खटकलं नाही."

"आणि दुसरी?" अध्यक्षा.

"तीन चौदा बावीसला आठ नंबरमधून घंटा वाजल्याचं लिहिलंय. आठ नंबर रिकामी होती. आजोबा फुटपाथवर होते."

"केस कापून," आजोबांनी अध्यक्षांना डोकं वाकवून दाखवलं.

"कारकूनबाईंनीच त्यांना सोडलं होतं. त्यांनी आठ नंबर निवडला नसता. ज्याला वाटत होतं की त्याच्या परवानगीशिवाय इथून कुणी हलत नाही, त्यानं निवडला."

व्यवस्थापक हसले. हसू अर्ध्यावर राहिलं. "अहो, पण मी हे कशाला करू?"

"शेपटांवरून ते कळत नाही," मामा म्हणाले. "म्हणून मी तुमचा माहितीपट पाहिला. दोनदा. आवाज वाढवा."

भाचीनं आवाज वाढवला. पडद्यावर गोल घड्याळ, खाली व्यवस्थापक. घड्याळात तीन अकरा.

टिकटिक ऐकू येत होती. तीन बारा झाले. टिकटिक. भाचीचं टेबल तिथून दहा पावलांवर, आणि त्याच्यावर घंटा. टिकटिक. तीन चौदा. तीन सोळा. शीटनुसार चार घंटा वाजून गेल्या होत्या. पडद्यावर एकही वाजली नाही. "आमच्याकडची शांतता," पडद्यावरचे व्यवस्थापक म्हणत होते, "हीच आमची सेवा."

त्या शांततेत, भिंतीपलीकडे, सात नंबरमध्ये, कुणीतरी बटण दाबत होतं.

हे सगळ्यांना एकदमच कळलं. कारकूनबाई खाली बसल्या. अध्यक्षांनी भिंतीकडे पाहिलं, जणू अजूनही उठून जाता येईल.

"घंटा बंद होती," मामा हळू म्हणाले. "यंत्राचं कपाट यांच्या खोलीत, किल्ली यांच्या कमरेला. शूटिंगमध्ये आवाज नको म्हणून तीन वाजता खटका पाडला. घंटाही गेली, दिवेही गेले, नोंदही गेली. साडेतीनला चालू केला. बाईंचा अंगठा बटणावर रुतलेला होता, म्हणून वीज येताक्षणी घंटा वाजली. ही धावली. उत्तराची वेळ तीन एकतीस चाळीस पॉइंट दोनशे एकतीस. त्या ओळीतली तेवढीच खरी. शेपूट शाबूत आहे. घंटेची खरी वेळ त्याच्या मिनिटभर आधीची असणार. ती पुसून तिथं तीन बारा टाकले. अर्धा तास एकही घंटा नाही हे दिसू नये म्हणून इतर सहा ओळी घातल्या. यंत्रातली मूळ नोंद पुसली जाईपर्यंत थांबले, आणि मग हिला कागद दिला."

"मला फक्त आवाज बंद करायचा होता," व्यवस्थापक म्हणाले. दोघंही एकदमच बोलत होते, खरे आणि पडद्यावरचे. "जेवणानंतर सगळे झोपतात. कुणी दाबत नाही त्या वेळेला. मला काय माहीत…"

"तुम्हाला गुरुवारीच माहीत होतं," अध्यक्षा म्हणाल्या. "हिला तुम्ही सोमवारी गुन्हेगार केलंत." त्यांनी सहीचा कागद उचलला, उभा फाडला, आडवा फाडला. "कपाटाची किल्ली इथं ठेवा. पोलिसांना मी फोन करते. तुम्ही बसा. जागचे हलू नका."

मामांनी घड्याळ थांबवलं. दहा मिनिटं अठ्ठावन्न. ते कुणाला सांगायचं राहून गेलं.

भाची मात्र हसत नव्हती.

"मामा, मग बाईंनी बटण दाबलं कधी?"

"तीन ते तीन एकतीसच्या मध्ये."

"मध्ये म्हणजे?"

"यंत्र बंद होतं, पोरी. ते कुठंच लिहिलेलं नाही."

ती टेबलाशी गेली आणि बाईंच्या मुलीचा नंबर लावला. मुलगी दूर देशात होती. त्या सोमवारीच तिला व्यवस्थापकांनी कळवलं होतं की सेविकेनं दुर्लक्ष केलं. हा फोन कुणी भाचीला करायला सांगितला नव्हता.

ती सगळं बोलली. घंटा बंद होती. मी पोचले, पण उशिरा. किती उशिरा, ते कधीच कळणार नाही. ते तुम्हाला मीच सांगायला हवं होतं.

मग मुलीनं काहीतरी विचारलं. भाचीचा चेहरा बदलला.

"हो," ती म्हणाली. "शुद्धीत होत्या. मी धावत आत शिरले, तर माझ्याकडे बघून म्हणाल्या, 'अगं, धावू नकोस, पडशील.' मग मी उशी नीट केली. त्यांनी माझा हात धरला. डॉक्टर येईपर्यंत सोडला नाही."

तिनं फोन ठेवला तेव्हा मामा शेजारीच उभे होते.

"हे तू कुणाला सांगितलं नाहीस."

"सगळ्यांनी वेळच विचारली, मामा," भाची म्हणाली. "बाई काय म्हणाल्या, हे आत्ता पहिल्यांदा कुणी विचारलं."